राक्षसाचा पत्ता

(किशोरवयीन मुलींच्या गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. मुलींची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

शिबिराच्या पत्रिकेवर माझ्या सत्राचं नाव 'किशोरी गटात साधनांचा वापर' असं छापलं आहे. नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात मी एका चित्रकथा-मालिकेबद्दल, त्यातल्या राक्षसांबद्दल आणि आमच्या मुलींनी त्या राक्षसांची जी टिंगल केली तिच्याबद्दल बोलणार आहे. ती टिंगल मी थांबवायला निघाले होते. ती थांबली असती तर काय झालं असतं, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. म्हणून तो अनुभव तुमच्यासमोर ठेवते.

आधी मालिकेबद्दल. तुमच्यापैकी काहीजणींनी ती वापरली असेल. तिचं नाव 'प्रियाज शक्ती'. डिसेंबर 2012 मध्ये दिल्लीत चालत्या बसमध्ये सामूहिक बलात्कार झाला आणि देशभर लोक रस्त्यावर उतरले. त्या वेळी अमेरिकेत राहणारे भारतीय वंशाचे चित्रपटकार राम देविनेनी दिल्लीत होते. निदर्शनांच्या वेळी त्यांनी एका पोलिसाला या घटनेबद्दल विचारलं. चांगल्या घरची मुलगी रात्री एकटी फिरत नाही, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. हा प्रसंग त्यांनी मुलाखतींमधून सांगितला आहे. त्यातून ही चित्रकथा जन्मली. चित्रं डॅन गोल्डमन यांची. डिसेंबर 2014 मध्ये मुंबईतल्या कॉमिक्सच्या मेळाव्यात ती प्रसिद्ध झाली. पुढे धारावीच्या भिंतींवरही प्रियाची चित्रं रंगवली गेली. पुस्तक विकत घ्यावं लागत नाही, मोबाईलवर फुकट उतरवून घेता येतं. आपल्यासारख्या कायम पैशांची ओढाताण असलेल्या संस्थांना हे फार मोलाचं.

पहिल्या पुस्तकात प्रिया ही खेड्यातली मुलगी आहे. तिच्यावर बलात्कार होतो. घरचे तिलाच दोष देतात आणि घराबाहेर काढतात. पार्वतीला तिचा आकांत ऐकू येतो. पुढे देवांचं भांडण, शंकराचा शाप वगैरे बरंच काही आहे. पण मुलींच्या लक्षात राहतो तो वाघ. जंगलात हा वाघ प्रियाच्या मागावर असतो. शेवटी ती पळायचं थांबते, त्याच्याकडे वळते आणि त्याच्यावर स्वार होऊन गावात परत येते. भीतीलाच वाहन केलं, हे कोणी समजावून सांगावं लागत नाही.

हे पहिलं पुस्तक आमच्या गटात आम्ही शनिवारी दुपारी वाचलं. गटात अठरा मुली, वय चौदा ते सतरा. हिंदी प्रतीची पानं झेरॉक्स करून घेतली होती. वाचताना मुली अगदी गप्प होत्या. त्यात अत्याचार करणारे गावातलेच पुरुष होते. त्यांना शिंगं नव्हती, सुळे नव्हते. मुलींनी ते ओळखले आणि त्या गप्प झाल्या.

मग आम्ही दुसरं पुस्तक घेतलं, 2016 चं 'प्रियाज मिरर'. हे लिहिण्यात मुंबईच्या चित्रपटकार आणि लेखिका पारोमिता व्होरा यांचा सहभाग आहे. विषय अ‍ॅसिड हल्ल्याचा. इथे खलनायक बदलतो. अहंकार नावाचा राक्षसराजा येतो. हल्ल्यातून वाचलेल्या बायका त्याच्या ताब्यात, त्याच्या किल्ल्यात आहेत. त्यांना बाहेर काढायला प्रिया येते. त्यानंतर 2019 चं तिसरं पुस्तक, 'प्रिया अँड द लॉस्ट गर्ल्स', दीप्ती मेहता यांनी लिहिलेलं. विषय मुलींच्या विक्रीचा. गावातल्या मुली नाहीशा होतात, त्यांत प्रियाची बहीण लक्ष्मीही असते. जमिनीखाली एक शहर आहे, तिथे देहविक्रय चालतो आणि त्या शहराचा धनी आहे राहू.

अहंकार आणि राहू आले आणि माझा गट बदलला. पहिल्या पुस्तकाला मुसमुसणाऱ्या मुली खिदळायला लागल्या.

एकजण म्हणाली, "ह्याला एवढा किल्ला कशाला लागतो? आमच्याकडे अहंकार दहा बाय दहाच्या खोलीत मावतो." दुसरी म्हणाली, "मावतो कुठला? म्हणून तर आम्ही पोरं बाहेर झोपतो." मग एकदम झुंबड उडाली. कुणाचे शाळेतले सर अहंकार झाले, कुणाचा मामा. "अहंकार आमच्या नाक्यावर बसतो, गुटखा खातो, किल्ला भाड्यानं दिलाय त्यानं."

राहू आल्यावर तर विचारूच नका. राहू हा आपल्या घरातला माणूस. पत्रिकेत तो असतो, ग्रहणात तो असतो, कॅलेंडरच्या चौकटीत रोज त्याची वेळ छापलेली असते. एक मुलगी म्हणाली, "प्रियाला वाघ कशाला पाहिजे? गुरुजींना एकशे एक दिले की राहूची शांत होते. आईनं माझी दोनदा केलीय." दुसरी ओरडली, "दे दान सुटे गिऱ्हाण!" एकीनं विचारलं, "ताई, राहूचं शहर जमिनीखाली का दाखवलंय? आमच्या इथं सगळ्यांना माहितीय कुठलं घर ते. पोलिसांना पण माहितीय. जिना चढून जायचं, वरच्या मजल्यावर."

मी चिडले. एवढा गंभीर विषय, एवढी तयारी करून आणलेलं साधन, आणि ह्या दात काढताहेत. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात मला गटप्रक्रियेवर चांगले गुण होते, हे सांगायला आज लाज वाटते. मी फळ्यावर हात आपटला आणि म्हटलं, "हसण्यासारखं काय आहे यात?" मुली गप्प झाल्या. दहा मिनिटांत चर्चा संपली. मला हवी होती ती सगळी उत्तरं मिळाली, 'आपण धीट झालं पाहिजे', 'अन्याय सहन करू नये'. मी ती अहवालात लिहिली.

त्या रात्री अहवाल लिहिताना मात्र माझ्या लक्षात आलं की कामाचं जे काही होतं ते मुलींच्या थट्टेतच होतं. माझ्या अहवालात नुसती सुभाषितं होती.

बघा हं, मुली नेमकं काय म्हणत होत्या? राक्षस लांब राहतो हे त्यांना मान्य नव्हतं. किल्ला, भुयार, पाताळ हे सगळं त्यांनी दोन मिनिटांत खाली आणलं. खोली, नाका, जिना, वरचा मजला. चित्रकारानं राक्षसाला शिंगं दिली होती, मुलींनी त्याला पत्ता दिला. एखाद्या समीक्षकानं यावर दहा पानं लिहिली असती. मुलींनी ते हसत सांगितलं आणि मी त्यांना दटावलं.

मालिका काढणाऱ्यांवर मला टीका करायची नाही. त्यांची अडचण मी समजू शकते. बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या हातात जाणारं पुस्तक आहे. त्यात अ‍ॅसिड टाकणारा शेजारी, मुलगी विकणारी आत्या जशीच्या तशी कशी दाखवणार? पुराणातलं पात्र घेतलं की मूल घाबरत नाही, वाचतं. शिवाय ती पुस्तकं राक्षसावर थांबत नाहीत. तिसऱ्या पुस्तकात राहूच्या शहरातून मुली सुटून घरी येतात तेव्हा त्यांचं स्वागत होत नाही. गाव त्यांना झिडकारतं, आणि प्रियाला गावालाच जाब विचारावा लागतो. ते पान आलं तेव्हा आमच्या गटात कुणी हसलं नाही. राक्षसावर मुली हसल्या, गावावर हसल्या नाहीत. कुठे हसायचं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

पण राक्षस दाखवण्याचा एक धोका आहे, आणि तो फक्त चित्रकथेपुरता नाही. आपली वर्तमानपत्रं काढून बघा. बलात्काराची बातमी आली की 'नराधम' हा शब्द ठरलेला. 'लांडगे', 'वासनांध', 'विकृत'. आपणही मोर्च्यात हे शब्द वापरले आहेत. संताप खरा असतो, पण या शब्दांमुळे गुन्हा करणारा माणूस माणसांतून उठतो. तो कुठल्यातरी वेगळ्याच जातीचा प्राणी होतो. मग उद्या रोज डबा घेऊन कामाला जाणाऱ्या, गणपतीची वर्गणी गोळा करणाऱ्या, मुलांना खाऊ आणणाऱ्या माणसाबद्दल तक्रार आली की लोक म्हणतात, 'छे, तो तसा वाटत नाही.' कसा वाटेल? शिंगं कुठे आहेत त्याला?

नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोचे अहवाल वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगतात. बलात्काराच्या नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी त्या मुलीच्या किंवा बाईच्या ओळखीचा असतो. घरातला, नात्यातला, शेजारचा, मालक, मित्र. अनोळखी राक्षस हा अपवाद. आपल्या चळवळीची सुरुवात ज्या खटल्यातून झाली तो आठवा. मथुरा ही आदिवासी मुलगी. 1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात तिच्यावर बलात्कार झाला. आरोपी गणवेशातले पोलीस होते. सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं, त्यावर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका संघटित झाल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. ते पत्र एका निकालाबद्दल होतं, त्यातल्या शब्दांबद्दल, तर्काबद्दल. न्यायाधीश राक्षस आहेत असं कुणी म्हटलं नाही. म्हणून तर त्यांना जाब विचारता आला. राक्षसाला शाप देता येतो, त्याच्याकडून उत्तर मागता येत नाही.

अ‍ॅसिडचंही तसंच. अ‍ॅसिड हल्ला हा फक्त एका माणसाच्या अहंकाराचा प्रश्न असता तर दुकानाशी त्याचा काय संबंध? पण लक्ष्मी या हल्ल्यातून वाचलेल्या तरुणीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2013 मध्ये आदेश दिला तो दुकानातल्या विक्रीबद्दलच होता. विकत घेणाऱ्याचं नाव, पत्ता, ओळखपत्र, कारण यांची नोंद ठेवा, अठरा वर्षांखालच्यांना विकू नका, आणि बाधित व्यक्तीला किमान 3 लाख रुपये भरपाई द्या. त्याच वर्षी फौजदारी कायद्यात अ‍ॅसिड हल्ल्यासाठी वेगळं कलम आलं. जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ते 124 वं कलम आहे, किमान दहा वर्षं, कमाल जन्मठेप. 2016 च्या अपंग हक्क कायद्यातही अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्यांची नोंद झाली. यातली एकही गोष्ट वाघावर बसून मिळालेली नाही. तारखांना हजर राहून, अर्ज करून, चेहरा न झाकता लोकांसमोर उभं राहून मिळाली आहे. आमच्या गटातल्या मुलींनी नंतर काय केलं माहीत आहे? शेजारच्या तीन दुकानांत जाऊन विचारलं, "संडास साफ करायचं अ‍ॅसिड द्या." एकानंही नाव विचारलं नाही. परत येऊन एकजण म्हणाली, "ताई, अहंकाराला किल्ला नाही, पण त्याची तीन गोडाऊनं सापडली."

आणि आणखी एक. पुरुष गुन्हेगार असला की तो चित्रात राक्षस होतो, निदान कथेपुरता. बाई नकोशी झाली की ती खरोखरीच हडळ होते, डाकीण होते, चेटकीण होते. तिला गावाबाहेर काढतात, मारतात, तिची जमीन बळकावतात. आपल्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्या व्यक्तीला करणी करणारी ठरवून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. तेव्हा अमानवी ताकदीच्या गोष्टी आपण सांगतो, तेव्हा त्या कुणाच्या अंगाला चिकटतात याचं भान ठेवायला हवं.

देवीबद्दलही आमच्या गटात वाद झाला. एका बौद्ध मुलीनं विचारलं, "आमच्या घरी देव नाहीत. माझ्यासाठी कोण येणार?" मी उत्तर शोधत होते. शेजारी बसलेली मुस्लिम मुलगी म्हणाली, "तुझ्या अंगात कलम येईल." सगळ्या हसल्या. मीही हसले. या वेळी फळ्यावर हात आपटला नाही. स्त्री चळवळीत काली-दुर्गेची प्रतीकं वापरावीत की नाही यावर आपण किती चर्चा केल्या आहेत. ती चर्चा या दोघींनी एका वाक्यात कुठल्या कुठे नेली.

आता कुणी म्हणेल, थट्टा केली म्हणजे सगळं चांगलंच झालं का? नाही. माझे एक सहकारी त्याच वस्तीत मुलग्यांचा गट चालवतात. त्यांनीही हीच पुस्तकं वाचली. तिथेही हसणं झालं. पण तिथे हसू आलं ते भाजलेल्या चेहऱ्यांच्या चित्रांवर. "हिच्यापेक्षा राहू बरा." दोन दिवसांनी आमच्या गटातली एक मुलगी रात्री आठला शिकवणीहून येत होती, तर नाक्यावरून आरोळी आली, "प्रिया, तुझा वाघ कुठाय?" पुस्तक तेच, राक्षस तेच, विनोद मात्र उलटा फिरला. मुली राक्षसावर हसत होत्या, मुलगे प्रियावर. तेव्हा विनोद झाला की मी स्वतःला दोन प्रश्न विचारते. हसतंय कोण, आणि कुणाला? आणि हसून झाल्यावर कोण मोकळं होतं, कोण आणखी अंग चोरून बसतं?

आपल्या बायकांना हे नवं नाही. भोंडल्याच्या गाण्यांत सासरच्या माणसांची यथेच्छ टर उडवलेली असते. ज्या सासऱ्यासमोर मान वर करायची सोय नाही, त्याचं सोंग अंगणात फेर धरून काढायचं. जात्यावर बसून तेच. आपल्या चळवळीतलं 'मुलगी झाली हो' हे 1983 चं नाटक आठवा. स्त्री मुक्ती संघटनेनं ते गावोगाव केलं. लोक हसत हसत बघायचे आणि हसताना पकडले जायचे. हसण्याला आपण कधी कमी लेखलं नव्हतं. मग प्रकल्प आले, अहवालाचे नमुने आले, आणि गांभीर्य हेच प्रबोधन असं आपण धरून चाललो की काय, असं मला वाटतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी उभी राहिले ती सांगते.

पुढच्या शनिवारी मी मुलींची माफी मागितली. म्हटलं, मागच्या वेळच्या थट्टा पुन्हा सांगा, मी फळ्यावर लिहिते. पहिली पाच मिनिटं कुणी बोलेना. मग सुरू झालं. फळा भरला. राहूकाळावर गाडी आली. एकजण म्हणाली, "आमच्या शाळेत राहूकाळ गणिताच्या तासाला." दुसरी म्हणाली, "आमच्याकडे पाणी येतं तेव्हा, सगळी भांडणं तेव्हाच." तिसरी, पंधरा वर्षांची, एरवी फार न बोलणारी, म्हणाली, "आमच्याकडे राहूकाळ रात्री असतो. लाईट गेल्यावर." सगळ्या हसल्या. मीही हसले आणि फळ्यावर लिहिलं, 'रात्री, लाईट गेल्यावर'. आणि पुढे गेले.

आमच्या गटासाठी पोहे करून आणणाऱ्या एक मावशी आहेत. शाळा चौथीपर्यंत, पण पंचांग तोंडपाठ. मुली गेल्यावर त्या भांडी आवरत होत्या. फळ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, राहूकाळ रात्रीचा नसतो. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंतच धरतात. हे त्या पोरीलाही माहीत असणार, तिची आई माझ्याकडूनच वेळ विचारून जाते. मग ती रात्री का म्हणाली?"

मैत्रिणींनो, माझ्याकडे पदव्युत्तर पदवी आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचारांबद्दलची दोन प्रशिक्षणं मी केली आहेत. ज्याच्याकडे माझं लक्ष जायला हवं होतं, तिथे मावशींचं गेलं.

मी त्या मुलीला एकटीला भेटले. घरी नाही, केंद्रावरही नाही, देवळामागच्या कट्ट्यावर, जिथे ती एरवीही बसते. आडून आडून विचारलं नाही. म्हटलं, "तू रात्रीचा राहूकाळ म्हणालीस. मला त्याच्याबद्दल सांगशील?" ती बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही लिहून घेतलं तेव्हा मला वाटलं, कळलं तुम्हाला." मी लिहिलं होतं, पण मला कळलं नव्हतं. हे मी तिला तसंच सांगितलं.

घरी मुक्कामाला असलेला एक नातेवाईक होता. त्यापुढचं मी सांगणार नाही. खटला चालू आहे आणि पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलीची ओळख उघड करणं गुन्हा आहे. ते सांगायचा मला अधिकारही नाही. एवढंच सांगते की आईला आम्ही बसवून बोललो तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "अहो, माझ्या माहेरचा माणूस आहे तो. राक्षस आहे का?" आईचं चुकलं असं मी म्हणत नाही. आपण सगळ्यांनी मिळून तिला हेच शिकवलं आहे की असलं काम राक्षस करतो. घरी रोज भाजी आणून देणारा माणूस त्या चित्रात बसत नव्हता. ते चित्र बाजूला सारायला तिला चार दिवस लागले. मग तीच मुलीचा हात धरून निघाली. पोलीस ठाण्याच्या पायरीवर मुलगी मला हळूच म्हणाली, "ताई, एफआयआरमध्ये राहूचं खरं नाव लिहायचं ना?" या प्रश्नानंतर मला दुसरं काही सुचलं नाही. मी नुसती मान हलवली.

आता थोडं कामाचं बोलते, म्हणजे तुम्हाला आपापल्या गटात उपयोग होईल.

पहिली गोष्ट. पुराणातले, चित्रकथेतले, मालिकांमधले राक्षस वापरायला हरकत नाही. पण राक्षस आला की मुलींना त्याचा पत्ता विचारा. आम्ही आता फळ्यावर चार रकाने करतो. तो कुठे राहतो? कधी येतो? त्याला जेवायला कोण वाढतं? तो आला की कोण गप्प बसतं? शेवटच्या दोन रकान्यांत सगळं गाव येतं. तिसऱ्या पुस्तकात प्रियानं गावाला जाब विचारला तो याच दोन रकान्यांबद्दल.

दुसरी गोष्ट. हसणं थांबवू नका, पण ऐकत राहा. हसण्याच्या लाटेत एखादी मुलगी तिला एरवी सांगता न येणारी गोष्ट सोडून देते. कुणी उचलली तर उचलली, नाही तर थट्टा होती म्हणून मागे घेता येते. ती उचलायला गटात एकजण तरी हवी. जमल्यास वस्तीतलीच, जिला त्यांची भाषा, त्यांचं कॅलेंडर, त्यांच्या घरातल्या वेळा माहीत आहेत. सगळ्या गटासमोर मात्र त्या मुलीला काही विचारू नका.

तिसरी गोष्ट. मुलीनं सांगितल्यावर पुढे काय, याची तयारी आधी हवी. 2012 च्या पॉक्सो कायद्याखाली, अठरा वर्षांखालच्या मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. म्हणून 'मी कुणाला सांगणार नाही' असं वचन मुलीला कधीही देऊ नका. देऊन मोडलंत तर ती पुन्हा कुणावरच विश्वास टाकणार नाही. कायद्यानं तिला काही हक्कही दिले आहेत. जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो फौजदार किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, साध्या कपड्यांत, आणि तिचा विश्वास असलेलं माणूस सोबत ठेवून. हे पाठ करून जा. 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. राज्य सरकारच्या 2013 पासूनच्या मनोधैर्य योजनेत अर्थसाहाय्यासाठी अर्ज करता येतो, त्याचाही पाठपुरावा करा. वाघ नसला तरी ही हत्यारं आहेत. बोथट आहेत, मान्य. पण वापरली नाहीत तर गंजतील.

चौथी गोष्ट मुलग्यांबद्दल. आमच्या सहकाऱ्यानं नंतर त्यांच्या गटात तेच चार रकाने केले. 'त्याला जेवायला कोण वाढतं' इथे मुलं अडखळली. एकानं विचारलं, "सर, आम्ही पण राहू आहोत का?" त्यांनी उत्तर दिलं नाही, प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला. तो अजून पुसलेला नाही. ते काम लांबचं आहे, दोन शनिवारांत होणारं नाही.

परवा आमच्या मुलींनी स्वतःची चित्रकथा काढली. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर, आठ पानांची. खलनायक कसा काढायचा यावर अर्धा तास भांडण झालं. शिंगं नकोत यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. शेवटी त्यांनी चौकडीचा शर्ट घातलेला, हातात भाजीची पिशवी घेतलेला माणूस काढला. ज्या मुलीबद्दल मी सांगितलं, ती हल्ली पुन्हा गटात येते. पिशवीतली मेथीची जुडी तिनं रंगवली. फार मन लावून रंगवली. मग मागे सरून बघितलं आणि म्हणाली, "आता ओळखू येतोय."

चर्चेला वेळ ठेवला आहे. तुमच्या गटांत मुली कशावर हसतात, ते आधी सांगा. मला ऐकायचं आहे.